उणे नायट्रेटची मोहीम

गल्लीतील वडीलधाऱ्यांनी विचारणा केली की, सात घरांच्या पाण्याची मोहीम कैसी जाहली, कोणी मारिली आणि कोणाचे नाक खाली जाहले, ते साद्यंत लिहावे. त्यास जे घडले ते पदरचे न घालता लिहिले आहे.

मुलूख म्हणाल तर सात घरे, आणि घरागणिक एक विहीर, एक मैलाटाकी आणि टाकीचे पाणी जमिनीत जिरविणारा एक शोषखड्डा. पैकी सहाव्या घरी विद्यासंपन्न, परीक्षानळीधुरंधर, कॉलेजच्या प्रयोगशाळेच्या अधिपती बाईसाहेब नांदत होत्या. त्यांजकडे खबर आली की, आठा दिवसांनी नणंदबाई दोन महिन्यांचे बाळ घेऊन महिनाभर राहावयास येणार, आणि बाळ बाटलीच्या दुधावर, आणि ती दुधाची पावडर विहिरीच्या पाण्यात कालविणार. बाईसाहेबांस पक्के ठाऊक की, शोषखड्ड्यातून नायट्रेट नामे गनीम माती उतरोन विहिरीत शिरतो, त्यास रंग नाही, वास नाही, आणि तान्ह्याच्या रक्तात गेला तर अंग निळे पडते. सासूबाईंनी फर्माविले की, पाणी उकळून द्यावे. बाईसाहेबांनी अर्ज केला की, उकळल्याने जंतू मरतात, हा मरत नाही. पाणी आटते आणि हा उलट दाट होतो.

“एवढं ज्ञान आहे हे लग्नाआधी सांगितलं असतंस तर निदान तुझी परीक्षा घेतली असती,” सासूबाई म्हणाल्या आणि गॅस बारीक केला.

मग मोहीम मुक्रर जाहली. संशय सारा पाचव्या घरच्या निवृत्त ओव्हरसियरकाकांवर, कारण त्यांचा शोषखड्डा बाईसाहेबांच्या कुंपणास खेटोन होता. बाईसाहेब बाटल्या, बर्फाची पेटी आणि माती काढावयाचे गिरमिट घेऊन काकांच्या फाटकी दाखल जाहल्या आणि ज्या काकांनी तीस वर्षे कालवे खोदिले त्यांसच पाण्याचा नमुना कैसा घ्यावा ते समजाविते जाहल्या की, बाटली त्याच पाण्याने तीन वेळा विसळावी, मग भरावी.

“दोनदाच विसळली तर पाणी रागावतं का, ताई?”

“तीनदा, काका,” ऐसा निवाडा जाहला, आणि मग गिरमिटाखाली काकांचा शेवंतीचा वाफा पडला.

सहा घरे ऐशी सर केली. आता दस्तूर ऐसा की, खड्ड्याने पाण्यात किती भर घातली हे कळण्यास एक निर्मळ विहीर पाया धरावी आणि तिचा आकडा सर्वांतून वजा करावा. निर्मळ विहीर कोणती, याची मसलत बाईसाहेबांनी एकटीनेच केली आणि आपलीच मुक्रर केली, कारण ती आपली होती. मग प्रयोगशाळेतून आकडे आले आणि बाईसाहेब जेवणाच्या टेबलावर बसोन मूळ आकडे ओलांडोन थेट वजाबाकीच्या रकान्यावर चालोन गेल्या. तो सहाही घरे उणे निघाली. काका उणे साठ.

“उणे साठ म्हणजे काय गं?” सासूबाईंनी खांद्यावरून वाकोन पुसिले.

“म्हणजे नसल्याहून साठ कमी.”

“मग बाळाला तेच द्यावं. इतकं नसलेलं पाणी कुठं मिळायचं?”

तेव्हां बाईसाहेबांचे बोट हळूहळू डावीकडे सरकोन मूळ आकड्यांवर आले. मर्यादा लिटरास पंचेचाळीस मिलिग्रॅम, काकांची विहीर बारा, घरची बहात्तर. मग परसात विहीर आणि आपला शोषखड्डा यांमधील अंतर प्रथमच मोजिले, ते पाच पावले भरले. मध्ये यजमानांच्या लाडक्या लिंबाचे झाड, पाने तळहाताएवढी, आणि तीन वर्षांत लिंबू एक नाही. त्याखालील माती तपासविली, तो सारा गनीम सहकुटुंब तेथेच मुक्कामास होता.

“तरी मी म्हणत होतो, खत न घालता झाड एवढं खूश कसं,” ऐसे यजमान वदले.

बाळ येण्यास एक दिवस उरला. शोषखड्डा दूर हलविण्याची तजवीज तात्काळ जाहली, परंतु जमीन निवळावयास वर्षही लागेल हे बाईसाहेबांहून अधिक कोण जाणे. तेव्हां आकड्यांचा कागद आणि स्टीलची कळशी घेऊन त्या स्वतः पाचव्या घरच्या फाटकी गेल्या, आणि संशय कोणावर होता, पाया कोणता धरिला आणि निघाले काय, हे काही न लपविता सांगितले.

काकांनी कागद चष्मा लावून दोनदा वाचिला, वाफ्याकडे एकवार पाहिले आणि पंप सुरू केला. बाईसाहेबांनी कळशी नळाखाली धरिली.

“आधी विसळा, ताई,” काका म्हणाले. “मी मोजतो.”

येणेप्रमाणे सहाव्या घराने सहाव्या घरावर फत्ते केली. बाळ महिनाभर राहिले, गुलाबी राहिले, आणि कळशी रोज तीन वेळा विसळली गेली, त्याची रुजुवात पाचव्या घरी आहे.