केळुसकरकाका आणि चिंबोरीचं लग्न

केळुसकरकाका कुणाच्याही घरी शूटिंगला गेले की आधी त्या घरातला फ्रीज बंद करतात आणि स्वतःच्या स्कूटरची किल्ली फ्रीजमध्ये ठेवतात. फ्रीजची घरघर रेकॉर्डिंगमध्ये येते म्हणून तो बंद, आणि जाताना तो पुन्हा चालू करायला विसरू नये म्हणून किल्ली आत. "किल्लीशिवाय मी घरी जाणार कसा? म्हणजे फ्रीज उघडणार. उघडला की आठवणार," हे ते प्रत्येक घरात नव्याने समजावून सांगतात. नौपाड्यातल्या एका मुंजीत त्यांनी ती किल्ली श्रीखंडाच्या डब्यावर ठेवली आणि ती डब्यासकट पंगतीत गेली. काकांनी फ्रीज उघडला, किल्ली दिसेना म्हणून धाडकन लावला आणि शोधाशोधीच्या नादात बटण दाबायचं राहिलं ते राहिलंच. दुसऱ्या दिवशी त्या घरात फक्त आइस्क्रीमचं सरबत शिल्लक होतं.

काका डोंबिवलीत आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहतात. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात त्यांनी जन्मभर क्वालिटी कंट्रोल केलं. म्हणजे इतरांनी वस्तू बनवायच्या आणि काकांनी त्या नापास करायच्या. रिटायर झाल्यावर नापास करायला काही उरलं नाही, तेव्हा त्यांच्या मुलाने कॅनडाहून येताना त्यांना फोटो काढायचा एक भारी कॅमेरा आणला. बिचाऱ्याला वाटलं, बाबा फुलांचे वगैरे फोटो काढत बसतील. बाबांनी पहिल्याच दिवशी शोध लावला की या कॅमेऱ्यावर व्हिडिओसुद्धा निघतो, आणि तो वाईट निघतो. मग काय, काकांना पुन्हा नोकरी लागल्यासारखं झालं.

"फोटोच्या कॅमेऱ्याला दिसतं झकास, पण ऐकू कमी येतं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कॅमेऱ्याला म्हणे समोरच्या माणसाआधी स्वतःच्याच लेन्सची खरखर ऐकू येते. म्हणून आवाजासाठी वेगळं यंत्र, बोलणाऱ्याच्या कॉलरला छोटा माइक आणि काकांच्या कानांवर भलेमोठे हेडफोन. आवाज आणि चित्र मागाहून जुळवता यावं म्हणून सुरुवातीला टाळी वाजवायची. सोसायटीच्या सत्यनारायणाला त्यांनी अशी टाळी वाजवली तेव्हा आरती संपली असं समजून अर्धे लोक प्रसादाकडे वळले होते.

उजेडाच्या बाबतीत तर विचारू नका. 'ऑटो' हा शब्द त्यांच्यासमोर काढायचा नाही. कॅमेऱ्यावर सोपवलं तर पांढऱ्या शर्टातला कुणी मधून गेला तरी तो घाबरतो आणि सगळं चित्र काळं करून टाकतो, म्हणून काका उजेड हाताने ठरवतात. उजेड जास्त झाला की कॅमेऱ्याच्या पडद्यावर त्या जागी पट्टे दिसतात. काका ओरडतात, "पट्टे आले!" माझ्या मामाच्या टकलावर पट्टे येतात म्हणून त्यांनी त्याला साठीशांतीच्या दिवशी तीनदा पावडर लावली. आणि सगळं मनासारखं झालं तरी म्हणायचे, "उत्तम. परत एकदा."

या माणसाशी मंदाकाकूंनी संसार केला. त्या कोपरीच्या. वडील मिठागरावर होते, घरात बोलणं आगरी. सासरी आल्यावर त्यांनी केळुसकरांची भाषा उचलली, पण हसायला आलं किंवा राग आला की "अगो बाय!" म्हणून माहेरची भाषा बाहेर यायची. त्यांच्याकडे एक गोष्ट होती, चिंबोरीच्या, म्हणजे खेकडीच्या लग्नाची. चिंबोरीचं लग्न ठरतं निवट्याशी, म्हणजे खाडीच्या चिखलात उड्या मारत फिरतो त्या माशाशी. वरात निघते, पण नवरी चालते तिरकी. त्यामुळे वरात दर वेळी भलत्याच दारात जाऊन उभी राहते. ही गोष्ट त्या माझ्या आईला भाजी निवडताना कितीदा तरी सांगायच्या आणि दोघी हसून लोळायच्या.

कॅनडातल्या नातीला फोनवर ही गोष्ट ऐकायची होती. रेंज सारखी तुटायची. काका म्हणाले, "फोनवर नको. मी नीट रेकॉर्ड करून पाठवतो. जन्मभर राहील तिच्याजवळ."

पहिल्या दिवशी मी तिथे थर्माकोलचा पांढरा तुकडा धरून उभी होते, काकूंच्या तोंडावर उजेड पाडायला. काकू कॅमेरा विसरून अशा रंगल्या की बोलताना दोन्ही हात तिरके चालायला लागले. सासरा ओरडतो, "सरल चाल गो!" आणि चिंबोरी ठसक्यात म्हणते, "मना सरल चालता नाय येत!" मी एवढी हसले की थर्माकोल हलला आणि काकूंच्या तोंडावर उजेडाच्या लाटा आल्या. गोष्ट संपली. काकांनी हेडफोन काढले.

"उत्तम. परत एकदा."

मागची खिडकी पांढरीफटक आली होती. काकूंचा हात माइकवर आपटत होता. समोरच्या प्लॉटवर नवीन इमारतीसाठी मशीन ठोकत होतं, तेही आलं होतं. दुसऱ्या दिवशी पडदा लावला, दाराला गोधडी टांगली. पट्टे येतात म्हणून काकूंची आवडती पांढरी साडी बदलली. "हात मांडीवर ठेव. माइकला धक्का लागतो." मग रविवार, कारण रविवारी मशीन बंद. मग पुढचा रविवार. "मंदा, जरा स्पष्ट बोल. शब्दाचा शेवट खाऊ नकोस." काकू वैतागायच्या. "अहो, गोष्ट आहे ती, साक्ष नाही कोर्टातली." पण ऐकायच्या. मशीनचा आवाज गेला, खिडकीचा पांढरेपणा गेला, आणि हळूहळू काकूसुद्धा त्यातून गेल्या.

शेवटी काकांनी जी गोष्ट पास केली त्यात काकू हात मांडीवर ठेवून बसल्या आहेत आणि शुद्ध मराठीत म्हणतात, "मला सरळ चालता येत नाही." मधला भाग त्यांनी कंटाळून गाळला आहे. "आणि ती दोघे सुखाने नांदू लागली." आधीच्या सगळ्या काकांनी पुसून टाकल्या. नापास माल ठेवायचा नाही, ही कारखान्यातली सवय.

नातीने पाहून विचारलं, "आजी बातम्या का देतेय?" काकू खो खो हसल्या. काकांना वाटलं, आवाजाचं कौतुक झालं.

गेल्या वर्षी मंदाकाकू गेल्या. दुपारी जेवल्या, जरा पडते म्हणाल्या, आणि उठल्याच नाहीत. दिवस झाल्यावर एकदा मी आमटी घेऊन गेले तर काका हेडफोन लावून ती शुद्ध मराठीतली गोष्ट बघत होते. मला म्हणाले, "वर्षा, यात एकही दोष नाही गं. शोधून दाखव. एकही नाही." आणि तोंडावर हात धरून रडायला लागले. मला त्यांचा राग आला होता, खोटं कशाला सांगू? पण त्या रडण्यापुढे राग कुठे टिकतो.

परवा दुपारी ते आमच्याकडे आले. गळ्यात कॅमेरा, हातात स्टँड. समोर मशीन ठोकत होतं. दारातूनच आईला म्हणाले, "वहिनी, मंदाची ती गोष्ट येते ना तुम्हाला? तिच्यासारखी सांगाल का? नातीला पाठवायची आहे."

"अहो भाऊजी, मला कुठे आगरी येतं नीट?"

"जमेल तसं सांगा."

आईने पदर सारखा केला आणि मोडक्यातोडक्या आगरीत सुरुवात केली. मंदाकाकूंसारखेच तिचे हात आपोआप तिरके निघाले. काका सुरुवातीला कॅमेऱ्यामागे उभे होते. चिंबोरी तिसऱ्या चुकीच्या दारात पोचली तेव्हा ते पुढे येऊन आईसमोरच्या स्टुलावर बसले. सासरा ओरडला, चिंबोरीने उत्तर दिलं आणि आई हसायला थांबली.

"मग नवरा काय करतो?" काकांनी विचारलं.

"म्हणजे? तुम्हाला माहीत नाही?"

"नाही हो. ती सांगायची तेव्हा मी आवाजाचा काटा बघत असायचो. नाहीतर पट्टे." ते आपल्या हातांकडे बघत होते. "एवढ्या वेळा सांगितलं तिनं माझ्यासमोर. मी गोष्ट ऐकलीच नाही कधी."

आईचं हसू गेलं. ती जरा पुढे सरकली आणि लहान मुलाला सांगावं तसं म्हणाली, "नवरा बापाला सांगतो, तिला ओरडू नको. मग तिच्या बाजूला जातो आणि म्हणतो, चल गो, तू चालशील तसा मी पन चालीन. आणि तोही चालतो तिरका. पडत, धडपडत."

तेवढ्यात माझं लक्ष कॅमेऱ्याकडे गेलं. त्याचा लाल दिवा लागलेलाच नव्हता.

"काका, अहो, रेकॉर्डिंग चालू नाहीये!"

त्यांनी मान वळवली नाही. नुसता हात वर केला.

"राहू दे गं. आधी मला ऐकू दे."