अंतराळवीर, एक नग

दत्ताराम गोणबरेची सुट्टी मंजूर झाली.

हे वाक्य वाचकांनी तूर्त विसरून जावं. कंपनीही विसरली आहे, आणि जी गोष्ट कंपनीच्या फायलीत नाही ती सौदीतल्या खफजीत घडलेलीच नसते. तेव्हा सुट्टी मंजूर झालेली नाही, मे महिन्यातला एक शनिवार आहे, आणि दत्ताराम डक्ट शॉपमध्ये एसीच्या डक्टसाठी पत्रा कापतो आहे, असं धरून चालू.

दत्तारामच्या करारात दर दोन वर्षांनी सुट्टी लिहिली होती. पंचविसावा महिना चालू होता. तो इकडे आला त्यानंतर सात महिन्यांनी तिकडे पालशेतला त्याला मुलगी झाली. स्वप्नाली. तिचे चार फोटो त्याच्या लोखंडी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेले होते. पहिल्यात ती झोपली होती, दुसऱ्यात पालथी पडली होती, तिसऱ्यात बसली होती आणि चौथ्यात दाराची चौकट धरून उभी होती. पाचव्या फोटोत ती शाळेत जाऊ नये एवढीच दत्तारामची इच्छा होती.

सुट्टीचा फॉर्म त्याने फोरमन हाशम परकारकडे दिला होता. हाशमभाईंनी सही केली की तो मॅनेजर हरीश प्रधानांकडे जाणार, त्यांनी सही केली की दत्ताराम विमानात बसणार. फॉर्म अकरा दिवस हाशमभाईंच्या खणात होता.

"भाई, माझ्या फॉर्मचं काय झालं?"

"अरे देतो ना! आधी माझं एक काम कर." हाशमभाईंनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. "अफनानच्या शाळेत बुधवारी प्रदर्शन आहे. तिला विषय आलाय, अंतराळ स्थानकातलं रोजचं जगणं. पोरीने चित्र काढलंय. तेवढं पत्र्याचं मॉडेल करून दे. मंगळवारी मॉडेल, बुधवारी तुझा फॉर्म साहेबांच्या टेबलावर. खलास."

अफनान सातवीत होती. फोरमनची मुलगी असल्यामुळे तिने चित्र काढलं नव्हतं, ड्रॉइंग काढलं होतं. समोरून, बाजूने आणि वरून. नेटवरून खऱ्या स्थानकाच्या एका खोलीची मापं शोधून तिने मैत्रिणींवर छाप पडावी म्हणून ती मिलिमीटरमध्ये लिहिली होती. लांबी ८५००, व्यास ४३००. खाली सामानाची यादीही होती: भिंतीला बांधायची झोपायची पिशवी, जेवणाची पाकिटं, पाण्याच्या पिशव्या, व्यायामाचा पट्टा. आणि शेवटी, अंतराळवीर, एक नग.

आता इथे दत्तारामबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे. तो ड्रॉइंगच्या बाहेर जात नसे. एकदा ड्रॉइंगमध्ये डक्ट खांबातून गेलेला दाखवला होता, तेव्हा त्याने डक्ट तर केलाच, वर खांब कधी काढताय म्हणून विचारायला गेला होता. त्याचं म्हणणं सरळ होतं. ड्रॉइंगप्रमाणे केलं तर चूक ड्रॉइंगवाल्याची. डोकं चालवलं तर चूक आपली.

तरी मापं पाहून त्याला शंका आली. तो हाशमभाईंकडे गेला. ते फोनवर होते.

"भाई, हे शॉपच्या दारातून बाहेर निघणार नाही. अर्धं करू काय?"

"अर्धं कर, पाव कर, काय वाट्टेल ते कर," हाशमभाई फोनवर हात ठेवून ओरडले, "पण मंगळवारी दे!"

दत्तारामने अर्धं केलं.

मंगळवारी संध्याकाळी हाशमभाई पुठ्ठ्याचा खोका घेऊन मॉडेल न्यायला आले. शॉपच्या मधोमध सव्वाचार मीटर लांब आणि माणसाच्या डोक्यावरून जाईल एवढ्या उंचीचं चकचकीत पिंप आडवं पडलं होतं. त्याला गोल दार होतं, दोन खिडक्या होत्या, आतून इन्सुलेशन मारलं होतं, सांध्यांना सीलंट होतं. पिंपावर पांढऱ्या रंगाने लिहिलं होतं: 'वरची बाजू'.

हाशमभाईंच्या हातातला खोका खाली पडला.

"या अल्ला! दत्ता, हे काय आहे?"

"अफनानचं मॉडेल."

"अरे, मी टेबलावर ठेवायचं मॉडेल म्हणालो होतो!"

"ड्रॉइंगमध्ये टेबल कुठे दाखवलंय भाई?"

"पत्रे किती गेले?"

"चौदा. पण हवा एवढीशी बाहेर जाणार नाही. टेस्ट मारलीय."

हाशमभाई उलट्या बादलीवर बसले. चौदा पत्रे साहेबांनी पाहिले तर फोरमनकी जाणार होती. मॉडेल तोडलं तर अफनान रडणार होती, आणि अफनान रडली की तिची आई हलिमा बोलणार होती. तिघांपैकी कोणाला जास्त घाबरायचं याचा त्यांनी थोडा वेळ विचार केला आणि बूम ट्रकवाल्या, म्हणजे क्रेनवाल्या, रफीकला फोन लावला.

"आणि भाई," दत्ताराम म्हणाला, "एक आयटम कमी आहे."

"आता काय?"

"अंतराळवीर, एक नग. यादीत आहे. अर्धवट माल मी गेटबाहेर सोडत नाही."

"बाहुली ठेव एखादी!"

"मॉडेलच्या मापाची बाहुली खफजीत मिळणार नाही. मीच बसतो. फक्त बुधवारी माझा फॉर्म..."

"तू बस! जा, बस! फॉर्म माझ्या खिशात राहील, बस."

बुधवारी सकाळी रफीकच्या ट्रकवरून अंतराळ स्थानक खफजीच्या मुख्य रस्त्याने निघालं. पाण्याची टाकी आली असं समजून दोन इमारतींचे वॉचमन मागे धावले. आत दत्ताराम पांढरा कव्हरॉल, सेफ्टी बूट आणि वेल्डिंगचा मुखवटा घालून, झोपायच्या पिशवीत भिंतीला बांधलेला होता. ड्रॉइंगमध्ये तसंच दाखवलं होतं.

शाळेत मुलींचा विभाग वेगळा होता, उंच भिंतीच्या आड, आणि त्याचा दरवाजा एका वेळी एक मुलगी आणि एक दप्तर जाईल एवढा होता. अफनान धावत बाहेर आली आणि थबकली.

"अब्बा! आय सेड मॉडेल! धिस इज अ हाउस!"

"बेटा, तूच मापं लिहिलीस ना?"

"दॅट वॉज इन्फर्मेशन, अब्बा!"

मागोमाग विज्ञानाच्या विद्यामिस आल्या. त्यांनी पिंपाकडे पाहिलं, खिडकीतून आत पाहिलं, आणि आतून मुखवट्याने मान लववून नमस्कार केला तेव्हा एक पाऊल मागे घेतलं.

"परकार, हे आत येणार नाही."

"मिस, भिंतीवरून क्रेनने सोडू?"

"पिंप एक वेळ सोडा. ह्यात माणूस आहे. पुरुष आहे. मुलींच्या विभागात पुरुष चालत नाही."

"पण मिस, तो अंतराळात आहे. असं धरलं तर?"

विद्यामिसांनी खरोखरच क्षणभर विचार केला. "अंतराळातल्या पुरुषांबद्दल सर्क्युलर आलेलं नाही," त्या म्हणाल्या. "इथे पार्किंगमध्येच ठेवा."

म्हणून स्थानक पार्किंगमध्ये राहिलं. आत चाळीस मुलींचे चाळीस प्रकल्प टेबलांवर मांडलेले होते: ज्वालामुखी, पवनचक्की, थर्माकोलचं हृदय. बाहेर ऊन होतं आणि दत्ताराम.

अकरा वाजता प्रमुख पाहुण्यांची गाडी आली आणि हाशमभाईंचा चेहरा पत्र्यासारखा झाला. गाडीतून हरीशसाहेब उतरले. शाळेने यंदा त्यांना बोलावलं आहे हे आमंत्रणपत्रिकेवर छापलेलं होतं, पण ती पत्रिका हाशमभाईंनी खणात टाकली होती, दत्तारामच्या फॉर्मच्या खाली.

साहेब दरवाजाकडे निघाले. विद्यामिस लगबगीने आडव्या आल्या.

"सर, क्षमा करा. नियम आपल्यालाही लागू आहे."

"मग मी प्रदर्शन पाहायचं कसं? बक्षीस द्यायचंय ना मला?"

"दरवर्षी आम्ही पाहुण्यांना यादी वाचून दाखवतो सर. यंदा एक प्रकल्प बाहेर आहे."

त्यामुळे हरीशसाहेबांनी जगातल्या कुठल्याही परीक्षकाने दिला नसेल इतका वेळ एका प्रकल्पाला दिला. गोल दारातून वाकून ते आत शिरले, मागे अफनान, आणि दारात अंग चोरून हाशमभाई. मुखवट्याच्या कडेखालून दत्तारामने पाहिलं. पंचवीस महिन्यांत साहेब त्याने एवढ्या जवळून पाहिलेच नव्हते. सही करणारा हात त्याच्यापासून दीड फुटावर होता.

"हॅलो, अंतराळवीर!" साहेब मुलांशी बोलावं तसं बोलले. "काय, आम्हाला सांगणार का तुमचं रोजचं जगणं?"

हाशमभाईंनी दारातून 'गप्प बस' अशी खूण केली. पण मुखवट्याची काच काळी होती. त्यातून वेल्डिंगची ठिणगी दिसते, खूण दिसत नाही.

"विचारा साहेब."

"किती दिवस झाले तुम्हाला इथे?"

"पंचवीस महिने."

"अरे वा! पण खरे अंतराळवीर सहा महिन्यांत परत जातात."

"त्यांचा व्हिसा देणारा कफील बरा असेल."

साहेब मोठ्याने हसले. "आणि एका खोलीत किती जण राहता?"

"आठ."

"एवढ्याशा जागेत?"

"चार जण ड्युटीवर असतात. ते आले की आम्ही उठतो, ते त्याच गादीवर झोपतात. गादी कधी गार होत नाही."

"करेक्ट! शिफ्टमध्ये झोपतात हे मी वाचलंय. आणि पाणी? ते म्हणे पुन्हा पुन्हा वापरावं लागतं."

"टँकर आला नाही की वापरतो. अंघोळीचं बादलीत धरायचं, त्यात कपडे, मग फरशी."

"बाहेर पडता कधी?"

"परवानगी काढून. बूट, टोपी, हातमोजे, आणि कमरेला पट्टा. पट्टा कशाला तरी अडकवलेला पाहिजे, नाहीतर सेफ्टीवाला ओरडतो. खाली बघायचं नाही. काम करायचं आणि आत यायचं."

"फँटास्टिक! आणि पृथ्वीशी संपर्क?"

"शुक्रवारी, कॅफेतून नेटवर. मी हॅलो म्हणतो. ते पोचायला वेळ लागतो. मग तिकडून पारू, म्हणजे बायको, 'कोण?' म्हणते. ते येईपर्यंत मी परत हॅलो म्हटलेलं असतं. अशा पंधरा मिनिटांत आमची चार वाक्यं होतात."

"सूर्याच्या बाजूला तापत असेल नाही हे?"

"फार तापतं साहेब. पार्किंगला सावलीच नाही."

साहेबांनी रुमालाने मान पुसली. शेवटचा प्रश्न त्यांनी जरा हळू आवाजात विचारला. "तिथून सगळ्यात जास्त आठवण कशाची येते?"

मुखवटा साहेबांकडून खिडकीकडे वळला.

"आठवण येत नाही साहेब. आठवायला आधी बघितलेली पाहिजे. पोर माझ्यामागे झाली. आता चालायला लागलीय म्हणे. पळायला लागायच्या आत पोचलो तर बरं. नाहीतर ती मला बघून पळेल."

अफनानने ओढणीने डोळे टिपले. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"काय अभ्यास आहे!" ते म्हणाले. "काय अभिनय आहे!"

पहिलं बक्षीस अफनानला मिळालं. साहेबांनी दुसरं काही पाहिलेलंच नसल्यामुळे दुसरं आणि तिसरं बक्षीसही तिलाच द्यायला ते तयार होते, पण विद्यामिसांनी ती आतल्या ज्वालामुखीकडे आणि हृदयाकडे वळवली.

"परकार," बाहेर आल्यावर साहेबांनी विचारलं, "हा नट कुठून आणलास?"

"आपलाच आहे सर. डक्ट शॉप. दत्ताराम गोणबरे." हाशमभाई घाम पुसत म्हणाले. "पत्रासुद्धा... पत्रासुद्धा आपलाच आहे सर."

"छान! कंपनीचं नाव झालं. याचं काही काम अडलंय का आपल्याकडे?"

हाशमभाईंनी विजेच्या वेगाने खिशातून फॉर्म काढला. साहेबांनी गाडीच्या बॉनेटवर ठेवून सही केली. बॉनेट इतकं तापलेलं होतं की सही साहेबांच्या नेहमीच्या सहीपेक्षा लहान आली. दत्तारामने मुखवटा काढून ती तीन वेळा पाहिली. त्या शुक्रवारी त्याने पालशेतला चारही वाक्यं एकच बोलली: "येतोय. येतोय. येतोय. अगं, येतोय."

रविवारी साहेबांना फोन आला. प्रदर्शनाचे फोटो पाहून दम्मामच्या एका भारतीय शाळेने स्थानक मागितलं होतं. सोमवारी जुबैलने मागितलं. मंगळवारी हेड ऑफिसने पत्र काढलं, की सदर स्थानक समाजकार्यार्थ वर्षभर सौदीतल्या भारतीय शाळांमधून फिरवावं, आणि पत्राला अफनानचं ड्रॉइंग जोडलं, यादीसकट.

दत्ताराम धावत ऑफिसमध्ये गेला. फायलींच्या टेबलावरचा क्लार्क वैभव मुणगेकर यादीवर पेन्सिल ठेवून बसला होता.

"अरे वैभव, माझी सुट्टी मंजूर आहे! सही आहे साहेबांची!"

"गोणबरेंची सुट्टी मंजूर होती," वैभव शांतपणे म्हणाला. "पण तुम्ही आता इथे बघा. अंतराळवीर, एक नग. स्थानकाचा पार्ट आहात तुम्ही. एक नग एकाच वेळी दम्मामला आणि रत्नागिरी जिल्ह्यात पाठवता येत नाही. सिस्टीम घेत नाही."

"मग दुसरा बसवा!"

"ड्रॉइंगमध्ये बदल आहे का?"

आयुष्यात प्रथमच कोणीतरी त्याच्यापेक्षा ड्रॉइंगला जास्त मानत होतं.

अफनानला हे कळलं तेव्हा ती दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी तिने वडिलांना अर्जाचं इंग्रजी विचारलं, वडिलांनी दत्तारामला मजकूर विचारला, आणि तिघांनी मिळून जो अर्ज मॅनेजरसाहेबांच्या टेबलावर ठेवला त्याचं मराठी असं होतं:

'विषय: स्थानकाच्या दौऱ्यात एक मुक्काम वाढवण्याबाबत.

महोदय, दम्माम, जुबैल, रियाध आणि ताइफ येथील कार्यक्रमांबाबत अर्जदाराची काहीही तक्रार नाही. तथापि सदर दौऱ्यातून मौजे पालशेत, तालुका गुहागर येथील अंगणवाडी अनवधानाने वगळली गेलेली दिसते. तेथे रस्ता डांबरी असून ट्रक दारापर्यंत जातो. सदर अंगणवाडीत नाव घातलेल्या कुमारी स्वप्नाली दत्ताराम गोणबरे, वय दीड वर्ष, हिने आजतागायत एकही अंतराळवीर पाहिलेला नाही. तरी विद्यार्थिनीचं शैक्षणिक नुकसान टाळण्याकरिता स्थानक सर्व नगांसह तेथे दोन महिन्यांकरिता पाठवण्यात यावं, आणि जहाजात जागा कमी पडल्यास पिंप मागाहून पाठवलं तरी चालेल, ही नम्र विनंती.'