कुणी ताटकळलं नाही ना?

गायधनींच्या दाराची बेल दुसऱ्यांदा वाजवायची वेळ माझ्यावर कधी आली नाही. पहिली वाजत असतानाच दार उघडतं आणि गायधनी काळजीने विचारतात, "फार ताटकळलात का हो?" मी खालच्याच मजल्यावर राहतो. मला ताटकळायला वेळच मिळालेला नसतो.

घरात माणसं दोन, ते आणि सुमनवहिनी. फोनही दोन. एक बोलायचा, दुसरा नुसता मोकळा ठेवायचा. रोज सकाळी चहाच्या आधी गायधनी तो दुसरा उचलतात, टोन ऐकतात, "चालू आहे" म्हणतात आणि लगेच ठेवतात.

इंटरनेट फोनच्या तारेतून घरात यायचं तेव्हाची ही गोष्ट. सिन्नरच्या कारखान्यातून आले की गायधनी कॉम्प्युटरसमोर बसत. त्यांना वेब सर्व्हर, म्हणजे पान मागणाऱ्याला ते पाठवणारा प्रोग्रॅम, पहिल्या ओळीपासून स्वतः लिहायचा होता.

"अहो, तयार मिळतो. फुकट मिळतो," मी म्हणालो.

"मिळतो हो. पण गर्दी झाली की तो मागच्यांचं काय करतो, हे मला कसं कळणार?"

मग त्यांनी मला मिसळीवरून समजावलं. समजा, दुकानात वाढपी एकच. पहिल्याला मिसळ दिली आणि त्याचं खाऊन होईपर्यंत तिथेच उभा राहिला. पहिला निवांत लिंबू पिळतोय. "आणि मागचे? मागच्यांचं काय हो?" त्यांचा आवाज कापायला लागला. त्यांच्या पहिल्या सर्व्हरचं नेमकं हेच होत होतं. आता येईल त्याला स्वतंत्र वाढपी द्यायचा, म्हणजे सगळ्यांना एकाच वेळी पान मिळेल. "हे साधलं नाही, तर कॉम्प्युटर विकून टाकतो," ते म्हणाले, आणि ते खरंच विकतील अशी मला धास्ती वाटली.

चाचणी रविवारी सकाळी, गंगापूर रोडवरच्या ओळखीच्या सायबर कॅफेत. सोसायटीतल्या आम्हा सगळ्यांना त्यांनी एकेका मशीनसमोर बसवलं. "टाळी वाजवली की सगळ्यांनी एकदम बटण दाबायचं." कपाळावर घाम, हातात रुमाल.

टाळी वाजली. कुणीच दाबलं नाही.

"आधी अप्पा," जोशीकाकू म्हणाल्या. "मोठे आहेत ते."

"छे छे, आधी तुम्ही," अप्पा म्हणाले.

"अहो, मानपान नको! एकदम दाबा!" गायधनी रडकुंडीला आले. पुन्हा टाळी. पुन्हा सगळे अप्पांकडे बघत बसले.

मला हसू आवरेना. शेजारी बसलेल्या सुमनवहिनी मात्र हसल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, "सासूबाई नांदगावला एकट्या असायच्या. छातीत कळ आली तेव्हा ह्यांनाच फोन लावत बसल्या. हे इंटरनेटवर, लाइन एंगेज. शेजारचा भिका नंतर सांगत होता, 'आजी लय येळ लावत व्हत्या. म्हनल्या, त्याचं काम झालं की लागंल.'"

मी उठून म्हणालो, "अप्पा, आज कुणी कुणासाठी थांबायचं नाही."

टाळी वाजली. सगळ्यांनी दाबलं. आणि सगळ्यांच्या पडद्यावर एकदम एकच ओळ आली: 'बोला, मी आहे.'

गायधनी प्रत्येक मशीनपाशी जाऊन विचारत होते, "ताटकळला नाहीत ना? तुम्ही? आणि तुम्ही?"

"नाही हो," प्रत्येक जण सांगत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याकडे चहाला गेलो. आता तरी ते त्या फोनला विसरतील, असं मला वाटलं होतं. गायधनींनी रिसीव्हर उचलला, कानाला लावला.

"चालू आहे," ते म्हणाले आणि लाइन अडू नये म्हणून लगेच खाली ठेवला.