महादू मास्तरांची टेकडी

“महादू मास्तर नऊ वर्षे रोज एकच टेकडी रंगवीत बसले आणि ती त्यांना एकदाही जमली नाही.” गोरेगावात हे वाक्य आजही छातीठोकपणे सांगितले जाते. परवा शाळेच्या समारंभात तर एका वक्त्याने ते मुलांना ‘निष्फळ चिकाटी’चा दाखला म्हणून ऐकविले. मी मास्तरांचा जन्माचा शेजारी. हे खोटे आहे, असे मी पहिल्या रांगेतून उठून म्हणालो, आणि मला खाली बसविण्यात आले. म्हणून आता लिहितो.

मास्तर गणिताचे. कुंचला हाती धरला तो निवृत्तीनंतर. पहिल्या वर्षी टेकडीचा उतार त्यांनी फूटपट्टीने आखला, हे मला मान्य आहे. सकाळी सायकलला छत्री बांधून ते माळावर जात, चुन्याच्या डब्यांत रंग कालवीत आणि सावली सरकली की सूर्याला दटावीत, “थांब की बाबा, पळून काहून राहिला?” मागून कोणी डोकावले तर, “सरका! गणित सुटल्याबिगर उत्तर बघू नये.” तरीही न सरकणाऱ्यावर ते कुंचला झटकीत. माझा एक पांढरा सदरा त्यात गेला.

चित्रे लोकांनी पाहिलीच नाहीत. खताच्या दुकानाच्या जुन्या कॅलेंडरांच्या कोऱ्या पाठीवर मास्तर रंगवीत आणि घरी येताच तो कागद खोलीत दोरीला अडकवीत. दारातून येणाऱ्याला दिसे ते केवळ कॅलेंडर, तेही भलत्याच वर्षाचे. ‘मास्तरांना महिनाही कळेनासा झाला’ ही आवई त्यातूनच उठली. चित्राचे तोंड आत, खाटेकडे असे. खाटेवर त्यांच्या पत्नी, कमळाबाई. कंबर मोडल्यापासून त्या उठल्या नव्हत्या. त्यांचे बालपण त्याच टेकडीवर मेंढ्या राखण्यात गेले होते.

“ह्या मेंढ्या व्हय?” त्या विचारीत. “मला तर ज्वारीची पोती वाटून राहिली.”

“उद्या बराबर करतो.”

“अन् नाल्याकाठची बोर कुठं गेली? खाऊन टाकली का?”

“उद्या.”

हे ‘उद्या’ मी भिंतीपलीकडून रोज ऐकले आहे.

कमळाबाई गेल्या, तरी मास्तरांचे माळावर जाणे थांबले नाही. कागद पूर्वीसारखाच रिकाम्या उशीकडे तोंड करून टांगला जाई. “आता कशासाठी, मास्तर?” मी एकदा विचारले. त्यांनी कुंचला धुऊन डब्यात उभा केला.

“आता चुकलं तर सांगायला कोणी न्हाई हो,” ते म्हणाले. “म्हणून ज्यास्त जपून काढावं लागतं.”

यंदा तेही गेले.

‘एकदाही जमली नाही’ म्हणणाऱ्यांसाठी माझ्यापाशी एकच गोष्ट आहे. कमळाबाई जाण्याआधीच्या उन्हाळ्यात, त्या टेकडीवर मेंढ्या चारणारा त्यांचा भाऊ सखाराम भेटीला आला होता. मीही तेथे होतो. त्या दिवसाच्या चित्राकडे बघत बाई म्हणाल्या, “सख्या, काळीचा मागला पाय दुखून राहिला. तुला दिसत न्हाई का?”

सखाराम हसला. “अक्का, खाटेवरून तुला कळलं, अन् रोज संगं राहून मला न्हाई?”

मी त्याला हाताला धरून टेकडीवर नेले. त्याने काळी मेंढी धरली, आणि तिच्या मागल्या खुरातला बाभळीचा काटा मी माझ्या हाताने उपटला.