बॉम्बचा अर्ज

बॉम्बची धमकी आली तर कचेरीने काय करायचे, याचा चौदा कलमी आराखडा नरहरी आफळ्याने तीन दिवसांत लिहून काढला. त्यातल्या एकाही कलमात बॉम्बचे काय करायचे ते नव्हते. बाकी सगळे होते. धमकीचे पत्र आधी आवक नोंदवहीत चढवायचे, मग साहेबांनी ते उभे राहून, न घाबरता, शेवटपर्यंत मोठ्याने वाचायचे. वाचन थांबले की भिका शिपायाने दारातला रुळाचा तुकडा बडवायचा आणि सगळ्यांनी समोरच्या मोकळ्या जागेत जाऊन उभे राहायचे, तेही ज्येष्ठतेनुसार.

पासष्ट सालची लढाई नुकती थांबली होती. तारापूरला वीजकेंद्राचे काम चालू होते आणि तिथे खडी-सिमेंट पुरवणाऱ्या एका ठेकेदाराची ही गुदाम-कचेरी नवापूरच्या वाटेवर होती. ही जागा शत्रूला ठाऊक असण्याचे काही कारण नव्हते. खुद्द नरहरीला ती बदलीचा हुकूम हातात पडेपर्यंत ठाऊक नव्हती. पण मुंबईच्या मुख्य कचेरीचे परिपत्रक आले होते, की आराखडा करा, शनिवारी तालीम घ्या आणि अहवाल पाठवा.

नरहरीचा जीव मात्र बॉम्बात नव्हता, खोलीत होता. लग्नाला आठ महिने झाले होते. बायको चंद्रकांता साताऱ्यात आणि हा बोईसरला पिठाच्या गिरणीवरच्या माळ्यावर, आणखी चौघांच्या घोरण्यात. कंपनीच्या खोल्यांपैकी सात नंबरची एकच उरली होती. तिच्यासाठी त्याने मुंबईला पाच अर्ज धाडले. एकालाही पोच नाही. परवा चंद्रकांतेचे पत्र आले : ‘एकदा शेवटचा अर्ज करा. नाही जमलं तर नोकरी सोडून या. दादाच्या अडतीवर गूळ मोजायला माणूस हवाच आहे.’ मेहुण्याच्या हाताखाली गूळ मोजायचा, या कल्पनेनेच नरहरीची झोप उडाली.

म्हणून शुक्रवारी त्याने दोन कागद लिहिले. एक सहावा अर्ज. व्यवस्थापक खंडेरावांनी त्याच्यासोबत जाणारे शिफारसपत्रही सही करून दिले, म्हणजे माणूस तसा भला. दुसरा कागद तालमीसाठी, धमकीचा. आता, बारा वर्षे कारकुनी केलेल्या माणसाने धमकी कशी द्यावी? त्याने लिहिले :

‘विषय : कचेरी बॉम्बने उडवून देण्याबाबत. महोदय, सविनय कळविण्यात येते की, सकाळी अकरा वाजता आपली कचेरी उडवून देण्यात येणार आहे. तरी योग्य ती व्यवस्था व्हावी, ही नम्र विनंती.’

आणि हाताला वळण असे, की खाली सहीसुद्धा ठोकली. नरहरी गोविंद आफळे.

“भिका, वरचा कागद शिफारसपत्राला टाचून मुंबईच्या टपालात. खालचा उद्या अकराला साहेबांच्या टेबलावर.”

“व्हय, भाऊसाहेब. वरचा मुंबय, खालचा साहेब.” भिकाला वाचता येत नसे, पण सांगितलेल्या कामात त्याने उभ्या जन्मात चूक केली नव्हती. चूक नरहरीने केली. अर्जात ‘पत्नी’ ऱ्हस्व तर पडली नाही ना, म्हणून त्याने तो पुन्हा काढून पाहिला आणि ठेवताना खाली ठेवला.

शनिवारी अकराला खंडेराव उभे राहिले, चष्मा सावरला आणि वाचू लागले, “महोदय, मी विवाहित असून गेले आठ महिने…”

ते अडखळले. पण कलम म्हणजे कलम. “…पत्नीवाचून दिवस काढत आहे. मनाची अवस्था बिकट आहे. आणखी विलंब झाल्यास होणाऱ्या परिणामांस मी जबाबदार राहणार नाही.”

वाचन थांबले. भिकाने रूळ बडवला. ज्येष्ठता गेली चुलीत. अकरा माणसे मोकळ्या जागेकडे धावली. ती जागा नरहरीने पावसाळ्यात पाहून ठेवली होती, तेव्हा ती मोकळी होती. आता तिथे नवापूरच्या जमनाबाईने बारीक कोळंबीचा जवळा वाळत घातला होता.

“मेल्यांनो, चार दिस वालवलाय तो तुमी नाचायला काय?” जमनाबाई खराटा घेऊनच आली.

“जमनाबाय, बॉम आलाय,” भिका म्हणाला.

“मंग फुटू दे. आदी माज्या जवल्यावरून उतरा.”

जवळ्यात घोट्यापर्यंत उभ्या नरहरीच्या डोक्यात तेव्हा कुठे उजेड पडला. अर्ज साहेबांच्या हातात होता. मग मुंबईला काय गेले?

“भिका, कालचं टपाल?”

“गेला ना. बोईसरला मी सोता डाकगाडीत घातला.”

खंडेरावांचा चेहरा उतरला. “आफळे, माझ्या शिफारशीला काय टाचलंय?”

नरहरीने सांगितले. खंडेराव मटकन जवळ्यात बसले. “आणि शिफारशीत मी काय लिहिलं होतं?”

“‘अर्जदार शब्दाचा पक्का आहे. सोबतची मागणी रास्त असून त्वरित पूर्ण करावी.’”

नरहरीनेच मग विचारले, “ट्रंककॉल लावू, साहेब?”

“लावून सांगणार काय? बॉम्ब खोटा आहे, शिफारस तेवढी खरी आहे?”

पुढचे आठ दिवस रस्त्यावर जीप वाजली की नरहरी गुदामात सिमेंटच्या गोण्यांमागे जाई. नोकरी जाणारच, प्रश्न एवढाच की घरी जायचे की तुरुंगात. शेवटी त्याने राजीनामा लिहून खिशात ठेवला आणि गुळाचे वजन मणात करतात की किलोत, हे पत्राने मेहुण्याला विचारायचे ठरवले. बिचाऱ्याला खरेच रडू येत होते.

नवव्या दिवशी मुंबईचा जाड लिफाफा आला. खंडेरावांनीच तो फोडला. आत धमकीचेच पत्र परत आले होते. समासात निळ्या शाईत लिहिले होते, ‘पाहिले.’ त्याखाली हिरव्या शाईत, ‘हरकत नसावी.’ आणि सगळ्यांत खाली, मोठ्या साहेबांच्या लाल शाईत, ‘शिफारशीप्रमाणे मंजूर. आधीच्या पाच अर्जांतील खोली क्र. ७ द्यावी.’

नरहरीने ते तीनदा वाचले. मग राजीनामा फाडला, आणि चंद्रकांतेला तार करायला भिकाला पिटाळले. जमनाबाईला नुकसानीबद्दल सिमेंटची एक रिकामी गोणी द्यायचेही त्याने कबूल केले, इतका तो खूश होता.

खंडेराव मात्र तो कागद पुन्हा पुन्हा उलटून पाहत होते. “पाच वेळा सरळ विनंती केलीत, आफळे. तेव्हा?”

“पोचसुद्धा नाही, साहेब.”

खंडेरावांनी उठून दार लोटले, कपाटाच्या तळातून एक पिवळा पडलेला कागद काढला आणि नरहरीपुढे सरकवला. कोल्हापूरला बदली मिळावी म्हणून केलेला त्यांचा स्वतःचा अर्ज होता तो, तीन वर्षांपूर्वीचा.

“हा जरा नव्यानं लिहून द्या,” ते हळू आवाजात म्हणाले. “विषय तुमचाच ठेवा. सही मी करतो.”