धोंडूकाकांचा ढकल्या

धोंडूकाकांना "कसं काय, बरं आहे ना?" असं विचारलं, की ते उत्तर देत नसत. हात वर करून आपल्याला गप्प करत, उकिडवे बसत, सायकलीचं पेडल हाताने फिरवत आणि मागच्या चाकाला कान लावत. मग गंभीरपणे सांगत, "ऐकलास? खोकते हाय." यानंतर स्वतःची तब्येत सांगायची इच्छा कुणाला राहणार?

मी लेण्यांच्या पायथ्याला, कोंडाणे गावात, त्यांच्या शेजारी राहायचो. हे माझं भाग्य की भोग, ते अजून ठरलेलं नाही.

काका खोपोलीच्या एका कारखान्यात फिटर होते. ऐंशी सालानंतर कधीतरी तिथे मशीन बसवायला एक परदेशी साहेब आला आणि जाताना आपली डोंगरात चालवायची सायकल काकांना देऊन गेला. जाड टायर, मागे लहानमोठी सहा चक्रं, आणि साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा, चाकाशेजारी लोंबणारा एक लोखंडी सांगाडा. साहेब त्याला काय म्हणायचा ते काकांच्या जिभेवर बसेना. शेवटी त्यांनीच बारसं केलं: ढकल्या!

ढकल्याला रोज नवं दुखणं. साखळी उडाली तर तार ढिली, कुरकुरली तर तारेला गंज, चक्र सोडून बाहेर पडली तर स्क्रूची गडबड. आणि सगळ्यावर औषध एकच, "पाव फेरा!" अर्धा नाही, पुरता तर नाहीच नाही. पुढे पुढे हे औषध सायकलीपुरतं राहिलं नाही. आमटीत मीठ जास्त पडलं की काका बायकोला, पारूकाकूंना, म्हणत, "पाव फेरा कमी कर गं." बांधावरून भांडणाऱ्या दोघा भावांनाही त्यांनी भर रस्त्यात सांगितलं, "दोघांनीबी पाव पाव फेरा मागं घ्या." आश्चर्य म्हणजे त्यांनी घेतला.

या गेअरपुराणाला सगळ्यात जास्त कोण कावलं असेल, तर हाटेलवाले हरीभाऊ. गिऱ्हाइकं चहा अर्धा टाकून पळायला लागली, तेव्हा एक दिवस त्यांनी गाळणी आपटली.

"धोंड्या, येवढा गेअर गेअर करतोस, तर लेण्यांच्या वाटेवरचा पहिला चढ आंब्यापर्यंत पाय न टेकता चढून दाव! नाय चढलास, तर माज्या हाटेलात पुन्ना गेअरचं नाव काढायचं नाय."

दुसऱ्या कुणाला ही पैज किरकोळ वाटली असती. पण काकांचं तोंड बंद होणार म्हणजे उरणार काय?

"ऐतवारी या सगळे," काका म्हणाले.

पुढचे दिवस आमच्या आळीला नुसती झिंग चढली होती. चढासाठी हवं होतं मागचं सगळ्यात मोठं चक्र. त्यावर साखळी गेली की पेडल हलकं होतं. पण ढकल्या जरा जरी जास्त आत सरकला, तर थेट आऱ्यांत घुसणार. शनिवारी संध्याकाळी मी मागचं चाक उचलून धरलं, काकांनी स्क्रूला शेवटचा पाव फेरा दिला, आणि साखळी मांजराच्या पावलाने मोठ्या चक्रावर जाऊन बसली. काकांनी आनंदाने माझ्या पाठीत असा गुद्दा घातला की मीच खोकलो.

रविवारी अख्खा गाव वाटेवर! पारूकाकूंनी उजाडताच ओटी सारवली होती, बायकांना घरोघर जाऊन बोलावलं होतं. काकांनी ठेवणीतला पांढरा सदरा घातला होता. तो एरवी ओटीवरच्या उंच खुंटीला असायचा.

काका निघाले. पोरं ओरडत मागे, कुत्री पुढे. पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. हरीभाऊंचा चेहरा पडायला लागला! आंबा दिसू लागला, चढ छातीवर आला, आणि काका गरजले, "आता मोठा!"

कर्रर्र... खाड!

ढकल्या आऱ्यांत घुसला, चाक जागच्या जागी अडलं आणि काका दगडांत आडवे. गाव खो खो हसलं. मी धावलो. काका आधीच उठून ढकल्यापाशी बसले होते. ढकल्या ज्या पट्टीला टांगलेला असतो, ती आत वाकली होती. आणि ढकल्यावर शेण लागलेलं होतं, जेमतेम सुकलेलं. पायाचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं, अगदी स्पष्ट.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. काकू उंचीने काकांच्या खांद्यालाही लागत नसत. सदरा उंच खुंटीवर, खुंटीखाली सायकल, आणि ढकल्या बरोब्बर पायरीसारखा!

काकांनाही कळलं होतं. तेवढ्यात काकू लुगड्याचा ओचा सावरत धावत आल्या. "लागला काय वो?" काकांनी त्याच पांढऱ्या सदऱ्याच्या टोकाने शेण पुसून टाकलं.

"काय झाला रं धोंड्या?" हरीभाऊंनी विचारलं.

खरं सांगितलं असतं, तर हरीभाऊंना पैज पुन्हा लावावी लागली असती. स्क्रू लावण्यात आपली चूक झाली, असं या माणसाने जन्मात कधी कबूल केलं नव्हतं.

"माजीच चूक," काका म्हणाले. "पाव फेरा जास्त दिला."

लोक पुन्हा हसले. मला मात्र रडू यायला लागलं.

त्यानंतर काका हाटेलात मुकाट चहा पिऊन उठू लागले. एका संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो, तर ते फळ्यांना खिळे ठोकून एक स्टूल करत होते. काकू शेजारी वाल सोलत बसल्या होत्या. मला जवळ बोलावून त्या हळूच म्हणाल्या, "लय मनाला लावून घेतलाय रं त्यांनी. चुकला स्क्रू तर चुकला, माणूसच हाय ना? मी येका शब्दानं बोलले नाय हां त्यांना."

काकांनी स्टूल उभं केलं, दाबून पाहिलं, डगमगत नाही ना.

"नाय बोललीस गं," ते म्हणाले, आणि उठून त्यांनी स्टूल खुंटीखाली नेऊन ठेवलं.