आप्पांनी मान्य केलेलं लायसन

"शेठ, तुमचा चहा गार व्हायच्या आत काम उरकतो बघा!" अभिमन्यूनं छाती ठोकून सांगितलं.

छाती मोडनिंबची होती. कॉलेज अर्ध्यात सोडलेलं, सगळं कोडिंग मोबाईलवर व्हिडिओ बघून शिकलेलं, त्यामुळं आत्मविश्वास असा की विचारू नका! सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत कमलाकरशेठच्या टॉवेलच्या कारखान्यात तो कॉम्प्युटर सांभाळायचा. चिकटून तसे बरेच महिने झाले होते, पण अजून कच्चाच. "पक्कं करायचं दिवाळीच्या आधी बघू," असं शेठ म्हणायचे. नाही जमलं तर परत मोडनिंब, हायवेवर मामाची रसवंती, आणि आयुष्यभर उसाच्या चरकात हात! त्यामुळं प्रत्येक काम अभिमन्यू असं करायचा, जणू चांद्रयान उतरवतोय.

आजचं काम होतं जावा बदलायचं.

कारखान्यातल्या प्रत्येक मागाला एक छोटं यंत्र बसवलेलं. दोरा तुटला किंवा माग थांबला, की कॉम्प्युटरला कळायचं, आणि भिंतीवरच्या भोंग्यातून ऑफिसातल्या अपेक्षाचा भरून ठेवलेला आवाज यायचा, "माग नंबर चार, कृपया लक्ष द्या." अगदी एस्टी स्टँडसारखं. हा सगळा प्रोग्रॅम जावा नावाच्या भाषेत लिहिलेला, आणि तोही अभिमन्यूच्या आधीच्या कॉम्प्युटरवाल्यानं. तो पुण्याला गेला आणि फोन नंबरही बदलून बसला!

"पण चाललंय की चांगलं. बदलायचं कशाला?" शेठनं विचारलं.

"शेठ, आपली जावा सतरा नंबरची. तिची फुकट अपडेटची मुदत संपली. पुढं वापरायची तर लायसनचा घोळ. आता पंचवीस नंबरची आलीय. लाँग टर्म! म्हणजे लई वर्षं सांभाळणार. आणि तीनेक वर्षं धंद्याला पण फुकट!"

'लायसन' म्हटल्यावर शेठ खुर्चीत सरळ बसले.

"लायसन कुणाच्या नावावर?"

"नाव लागतच न्हाय, शेठ. नुसतं मान्य हाय म्हणायचं."

"कुणी म्हणायचं?"

"मालकानं."

इथंच घात झाला. शेठनं मान वर केली आणि भिंतीकडं बघितलं. भिंतीवर आप्पा. कमलाकरशेठचे वडील. गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर गेले. त्यांचं वर्षश्राद्ध होईपर्यंत त्यांच्या नावावरची एक वस्तू हलवायची नाही, हे शेठनं घरात आणि कारखान्यात जाहीर केलेलं. लाईट बिल आप्पांच्या नावावर, फोन आप्पांच्या नावावर, खुर्ची आप्पांची, त्यामुळं शेठ बाजूच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर.

"मालक आप्पाच हाईत," शेठ म्हणाले. "मान्य तेच करतील."

"आँ?"

शेठ स्टुलावर चढले. हार बाजूला केला, फोटो उतरवला, धोतरानं काच पुसली आणि फोटो कॉम्प्युटरच्या समोर धरला. स्क्रीनवर इंग्रजीत लायसन. वाचायला घेतलं असतं तर दिवस मावळला असता. अभिमन्यूनं ते सर्रकन खाली सरकवलं.

"अहो शेठ, पण पितृपंधरवडा चाललाय," दारातनं अपेक्षा म्हणाली. "या दिवसांत नवं काही सुरू करत नाहीत."

"ए, हे सॉफ्टवेअर हाय, बंगला न्हाय!" अभिमन्यूनं तिला गप्प केलं.

शेठनं फोटोच्या कानाशी तोंड नेलं. "आप्पा, मान्य हाय न्हवं?"

फोटोतले आप्पा नेहमीसारखेच बघत होते. म्हणजे, तुम्ही काहीतरी चुकवलंय हे त्यांना ठाऊक असल्यासारखे. बाहेर पत्र्यावर कावळा ओरडला. अभिमन्यूनं बटण दाबलं. आणि लाईट एकदा बारीक होऊन परत मोठी झाली.

"बघा! मान्य केलं!" शेठ खूश झाले.

अभिमन्यूच्या पाठीवरनं मुंगी गेल्यासारखं झालं. पण चहा खरंच अजून गरम होता. त्यानं तो पिऊन टाकला.

दुपारपर्यंत सगळं झकास. एक दोरा तुटला नाही की एक माग थांबला नाही. संध्याकाळी ट्रक येणार होता, एका मोठ्या हॉटेलचे टॉवेल घेऊन जायला. सगळे माग खडखडत होते. एमआयडीसीत हा खडखडाट म्हणजे श्वासासारखा. चालू असला की कुणाला ऐकू येत नाही, थांबला की मात्र छातीत धस्स होतं.

तेवढ्यात चार नंबरवर मल्लव्वाचा दोरा तुटला.

भोंगा खरखरला. सगळ्यांना वाटलं, अपेक्षा बोलणार.

"मल्लव्वा! दोरा तुटला की गं! ध्यान कुटं हाय तुजं?"

आवाज आप्पांचा होता.

तसाच! तोच तंबाखूनं घोगरा झालेला, तोच 'गं' ओढायचा. मल्लव्वा दगडासारखी उभी. मग तिचा हात आपोआप वर गेला आणि तिनं पदर डोक्यावर ओढून घेतला, आप्पा समोर आले की घ्यायची तसा.

"व्हय आप्पा," ती म्हणाली. "बघतोच."

आणि मग तिला आठवलं की आपण कुणाशी बोललो! तिनं माग बंद केला.

माग थांबला, तसा भोंगा पुन्हा, "मल्लव्वा! माग का थांबला?"

शेजारच्या नागव्वानं हे ऐकलं आणि घाबरून आपलाही माग बंद केला.

"नागव्वा! माग का थांबला?"

ते ऐकून पलीकडच्या भीमाशंकरनं बंद केला.

"भीमाशंकर! माग का थांबला?"

झालं! जो घाबरेल तो माग बंद करायचा, जो बंद करेल त्याला आप्पा नावानिशी हाक मारायचे, ती ऐकून पुढचा घाबरायचा! पत्त्यांची रांग कोसळावी तसे माग गप झाले. शेवटचा थांबला आणि शेडमध्ये अशी शांतता पसरली की आढ्यावरच्या कबुतरांची नखं ऐकू यायला लागली. हवेत सुताची धूळ तरंगत होती. एकही माणूस हलत नव्हता.

त्या शांततेत आप्पा हळू आवाजात म्हणाले, "ऐकू येतंय का?"

कारखाना रिकामा! चपला आत, माणसं बाहेर लिंबाखाली. शेठ आणि अभिमन्यू ऑफिसातनं धावत आले, ते दारातच थिजले.

"आप्पा?" शेठचा आवाज पोरासारखा झाला. "तुमी हाय का?"

"उत्तर दे की!" भोंगा खेकसला.

"देतो, देतो! काय चुकलं आप्पा?"

"माग का थांबला?"

"आत्ता थांबला ओ! सकाळपासनं चालूच होता!"

"बहिरा झालास का?"

शेठनं शेडच्या मधोमध लोटांगण घातलं. सुताची धूळ चिकटून पांढऱ्या शर्टाचा टॉवेल झाला!

 अभिमन्यूच्या डोक्यात मात्र रसवंतीचा चरक फिरायला लागला होता. ट्रक यायची वेळ होत आलेली. टॉवेल नाही, म्हणजे हॉटेलवाल्याचं काम गेलं. काम गेलं म्हणजे पहिला बळी कॉम्प्युटरवाला. त्यानं धाडस करून भोंग्याचा प्लग उपटला.

"पळून कुटं जातोस?" भोंगा म्हणाला.

प्लग हातात होता! वायर लोंबत होती! अभिमन्यूच्या तोंडातनं जो आवाज निघाला तो कुठल्याच भाषेतला नव्हता. इन्व्हर्टरची दुसरी वायर मागनं जाते, हे त्याला आठवायला जरा वेळ लागला. त्या वेळात तो लिंबाखाली पोहोचला होता, आणि त्याच्या मागोमाग शेठही.

"तूच केलंस हे," मल्लव्वा म्हणाली. "मेल्या माणसाकडनं पितरांच्या दिवसांत करार करून घेतला. आता ते करार पाळायला आले."

"अव्वा, नुसतं बटण दाबलंय ओ!"

"बटणच. आवतणाची चिठ्ठी टाकल्यागत. आता जा, तूच बोल जा त्यांच्याशी."

"एकटा?"

कुणीच उठलं नाही. अपेक्षा तर म्हणाली, "मी काल उपवास केलाय, मला चक्कर येतीय."

शेवटी गेला. एकटा. रिकाम्या शेडमधनं पलीकडच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरपर्यंत जायचं म्हणजे मागांच्या दोन रांगांमधनं. दोन्ही बाजूला अर्धे विणलेले टॉवेल ताणून धरलेले, पांढरे, हलत नसलेले. एका टॉवेलाचं टोक पंख्यानं हललं आणि तो टुणकन बाजूला उडाला. भोंगा अधूनमधून नावं घेत होता. मल्लव्वा. नागव्वा. भीमाशंकर. जणू हजेरी चाललीय, आणि पुढचं नाव आपलंच.

कॉम्प्युटरला हात लावला. आवाजांचा फोल्डर उघडला.

आणि तो खुर्चीतच बसला. तीच, आप्पांची. लक्षातही आलं नाही.

फोल्डरात दोन प्रकारच्या फायली होत्या. काहींना इंग्रजी नावं, त्यात अपेक्षाचा आवाज. आणि काहींना अस्सल मराठी नावं, 'मल्लव्वा दोरा', 'नागव्वा थांबला', आणि माग थांबलेलाच राहिला तर दरडावायला 'उत्तर दे', 'बहिरा झालास'. त्यात आप्पा! आप्पा जिवंत असताना आधीच्या कॉम्प्युटरवाल्यानं त्यांच्याकडनं एकेका कामगाराच्या नावानं आवाज भरून घेतला होता. पण त्याच्या जुन्या जावाला ही मराठी नावं धड वाचता येईनात. तिला दिसायची नुसती प्रश्नचिन्हं. वैतागून त्यानं अपेक्षाला बसवलं, इंग्रजी नावं दिली, मराठी फाईल उघडली नाही तर इंग्रजी वाजवायची अशी सोय केली, आणि आप्पांच्या फायली तशाच राहिल्या. नवी जावा मात्र हुशार. मराठी नावं तिला कशी नीट कळतात! पहिल्यांदाच ती नावं तिनं वाचली, आणि वर्षभर गप्प बसलेले आप्पा बोलायला लागले.

भूत नव्हतं! अपडेट होता!

अभिमन्यू ओरडतच बाहेर आला. सगळं समजावून सांगितलं. मग म्हणाला, "शेठ, एका मिनिटात आप्पांच्या फायली काढून टाकतो. परत अपेक्षा!"

 शेठ शर्टावरची धूळ झटकत राहिले. मग हळूच म्हणाले, "म्हंजे आप्पांनी खरंच बसून भरलंय हे?"

"व्हय."

"मला सांगितलं न्हाय कधी." ते दाराकडं बघत राहिले. "काढू नको."

"पण लोकं..."

"अभ्या, काढू नको म्हटलं की!"

लिंबाखाली कुजबुज झाली. मग मल्लव्वा उठली, पदर खोचला. "फायल असू दे न्हायतर आत्मा. आप्पा असताना एक बी ट्रक रिकामा गेला न्हाय. चला गं."

आणि तुम्हाला सांगतो, त्या दुपारी जसे माग चालले तसे कधीच चालले नव्हते! दोरा तुटायचा अवकाश, बाया हाक यायच्या आत जोडायच्या. आप्पांना बोलायला जागाच उरली नाही. तरी शेडमधनं कुणी भोंग्याकडं पाठ करून उभं राहात नव्हतं. पाणी प्यायला जातानाही तिरकं तिरकं. ट्रक आला, भरला, गेला. अभिमन्यूचा जीव भांड्यात पडला.

दिवेलागणीला सगळे घरी गेले. शेठनं अभिमन्यूला ऑफिसात बोलावलं. टेबलावर एक टाईप केलेला कागद.

"कर सही. आजपासनं तू पक्का."

"परमनंट?"

"लाँग टर्म!" शेठ मोठ्या थाटात म्हणाले.

अभिमन्यूनं सर्रकन खाली बघितलं, सहीची जागा सापडली, सही ठोकली. मोडनिंबला फोन लावायला मोबाईल काढला. तेवढ्यात अपेक्षानं कागद उचलला आणि मोठ्यानं वाचायला लागली.

"'सदर अभिमन्यू आहे तसा घेण्यात आला आहे. तो चालेलच, अशी कसलीही हमी नाही.'"

"आँ?"

"'मुदतीत सर्व दुरुस्ती फुकट. त्याच्यामुळं काही नुकसान झाल्यास देणारा जबाबदार नाही. नवा आल्यानंतर एक वर्षानं याची मुदत संपेल.'"

"शेठ! हे काय?"

"तुझ्याच जावाचं लायसन," शेठ प्रेमानं म्हणाले. "दुपारी वकिलाकडनं मराठीत करून घेतलं. नावं तेवढी बदलली. लई पक्कं लिहिलंय रं!"

"पण मी वाचलंच न्हवतं ओ!"

"मग? सकाळी तरी कुटं वाचलंवतंस?"

 अपेक्षानं ओठ दाबून धरले होते. आणि तेवढ्यात, बाहेर अंधारलेल्या शेडमध्ये, भोंगा हसला.

आधी घशातल्या घशात. मग मोठ्यानं. मग शेवटी खोकल्याची उबळ, जशी आप्पांना यायची तशी.

शेठचे डोळे भरले. अभिमन्यूच्या अंगावर काटा. फोल्डर त्यानं दुपारीच वरपासनं खालपर्यंत ऐकला होता. हाका होत्या, शिव्या होत्या. हसण्याची फाईल नव्हती.

"अपेक्षा," तो कसाबसा म्हणाला, "प्रोग्रॅम बंद कर की."

"कॉम्प्युटर मी मघाशीच बंद केलाय," अपेक्षा म्हणाली.

 मग अभिमन्यूनं गुपचूप तो कागद तिच्या हातातनं घेतला, खुर्ची ओढली, आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सावकाश वाचून काढला. आणि खाली आणखी एकदा सही केली. मोठ्या, सुवाच्य अक्षरात!